रंगाखालचा हात

माझ्या नोकरीतून मला निवृत्त होता येणार नाही, कारण मी कधी कायमच झाले नाही. तेव्हा 'कामाच्या आठवणी' लिहायला मी पात्र आहे का, असं मी या अंकाच्या संपादिकाबाईंना आधीच विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, तुम्ही गाड्या रंगवता ना, मग त्यातलंच काहीतरी लिहा, फक्त भाषण नको.

भाषण न करणं मला जड जातं. पिंपळे गुरवच्या ज्या दोन खोल्यांत मी वाढले, तिथे खाटेखाली ज्वारीच्या डब्याला लागून पत्रकांचे गठ्ठे असत. बाबा पिंपरीतल्या एका कारखान्याच्या गेटवर ती वाटायचे. मी वाचायला शिकले ते त्या पत्रकांवरच. 'क' कामगाराचा आणि 'म' मागणीचा, हे मला कमळ आणि मगर यांच्या आधी कळलं. पत्रक लिहिण्याचा बाबांचा एक दंडक होता: विशेषणं नकोत, काय झालं आणि काय हवं तेवढं सांग. तो पाळायचा प्रयत्न करते.

आयटीआयमधून पेंटरचा ट्रेड करून मी महाळुंग्याच्या एका कंपनीत पेंट शॉपला लागले. कंत्राटावर, अर्थात. गाडीला रंग देणं म्हणजे फवारा मारणं असं लोकांना वाटतं. फवारा हे सगळ्यात सोपं काम. आधी उघडी बॉडी धुतात, प्रायमरच्या हौदात बुडवतात, भाजतात, घासतात, पुसतात, दुसरा थर देतात, पुन्हा पुसतात, मग रंग, मग वरून काचेसारखा लेप. या प्रत्येक पायरीला कचरा हा शत्रू. केस, धूळ, कपड्याचा दोरा. अंगाला क्रीम लावून आत यायचं नाही. डोक्याला तेल लावून तर नाहीच.

आणि सगळ्यात मोठा कचरा म्हणजे माणसाचा उघडा तळवा. तळव्यात तेल असतं, घामाचं मीठ असतं. तो धातूला लागला तर त्या वेळी काही दिसत नाही. वरून रंग बसतो, चकाकतो, तपासणीच्या दिव्याखालून गाडी पास होऊन जाते. पण मीठ पाणी ओढतं. काही वर्षं जातात, हवा दमट होते, मीठ रंगाच्या आरपार ओलावा खेचतं आणि बरोबर त्या जागी रंग खसखशीएवढ्या फोडांनी वर येतो. ऊन पडलं की बसतो. पुढच्या श्रावणात पुन्हा उठतो. हाताचा आकार जसाच्या तसा.

आमच्या लायनीवर या दोषाचा एक रिवाज झाला होता. कंत्राटी माणूस ठरावीक मुदत भरायला आला की त्याला 'ब्रेक' देतात, म्हणजे घरी पाठवतात, म्हणजे तो कायम व्हायला नको. तर ज्याचा शेवटचा दिवस असेल त्याने प्रायमरच्या आधी एका बॉडीवर, सुपरवायझर वळला की, हातमोजा काढून तळवा टेकवायचा. याला 'हात देणं' म्हणत. कुणी सुरू केलं ते कुणालाच माहीत नव्हतं.

माझ्या शेजारी रुक्मिणी उभी राहायची, लातूरकडची. तिच्या उजव्या हाताची करंगळी जन्मापासून आत वळलेली, त्यामुळे कंपनीचा कुठलाच हातमोजा तिला नीट बसत नसे. तिचा ब्रेक आला त्या दिवशी तिने एका दाराच्या खालच्या अंगाला हात दिला आणि म्हणाली, "कुठं तरी तर राहीन, बाई." पुढच्या जागेवर पुसायचं फडकं माझ्या हातात होतं. मी तेवढी जागा सोडून दार पुसलं. माझा ब्रेक आला तेव्हा मी काय केलं ते इथे लिहीत नाही.

मग मी दापोडीला आले, अण्णांच्या गॅरेजात. अण्णा साताऱ्याकडचे, डेंटिंग-पेंटिंगमध्ये केस पांढरे झालेले. मला 'पुढारीणबाई' म्हणतात. गॅरेज रेल्वेच्या रुळांना इतकं लागून आहे की गाडी गेली की रंगाचे डबे एकमेकांवर वाजतात. जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देण्यात अण्णांचं नाव आहे, त्यामुळे गिऱ्हाइकंही तशीच येतात. एका गृहस्थांना त्यांची स्कूटर लग्नात होती अगदी त्याच रंगाची हवी होती आणि नमुना म्हणून त्यांनी लग्नाचा कृष्णधवल फोटो आणला होता. एका स्थानिक नेत्याला जीपसाठी कुठल्याच पक्षाचा नसलेला रंग हवा होता. अण्णांनी उंदरासारखा करडा दिला. नेता खूश होऊन गेला.

भाद्रपद संपत आला होता तेव्हा ती अमेरिकन गाडी ट्रकवर लादून आली. कंपनीचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. दोन दारं, दोनच माणसांची जागा, टप मागे दुमडून झाकणाखाली जाणारा, स्टिअरिंग डावीकडे. रंग मूळचा पांढरा, आता खरवसासारखा झालेला. सीटचं लाल चामडं तडकलेलं. अण्णांनी सवयीने दारावर टिचकी मारली आणि थांबले. पत्रा वाजतो. ही वाजली नाही. डॉक्टर छातीवर बोटं ठोकून बघतात तेव्हा येतो तसा बद्द आवाज आला. अण्णांनी लोहचुंबक लावला. तो घसरून खाली पडला.

या गाडीची बॉडी लोखंडाची नसते. काचेच्या तंतूंवर राळ ओतून केलेली असते. मी ते वाचलेलं होतं, अण्णांना सांगितलंही. तरी त्या दिवशी दोघांनीही तिला पुन्हा टिचकी मारली नाही.

गाडीचे मालक बाळासाहेब, महाळुंग्याचे जुने गावकरी. जमीन कारखान्यांत गेली तेव्हा गावातल्या लोकांनी त्या पैशातून मोठ्या जीपगाड्या घेतल्या. बाळासाहेबांच्या वडिलांनी, आबांनी, ही घेतली. तरुणपणी लोणावळ्याला एका बंगल्याच्या कुंपणाच्या भिंतीवर ते कामाला होते आणि ही गाडी आत उभी असायची. तेव्हा तिच्याजवळ जायची परवानगी नव्हती. पुढे बंगला विकला गेला, आबांनी ती उचलून आणली आणि गोठ्यात ठेवली. रोज पुसायचे, क्वचितच चालवायचे. आणि आबा गेले त्या पावसाळ्यात, ड्रायव्हरच्या सीटच्या बरोबर मागे, टपाच्या झाकणावर, एक हात वर आला.

बाळासाहेबांनी आम्हाला तो दाखवला, पण स्वतः दोन पावलं लांब उभे राहून. उजवा तळवा, बोटं पुढे, ड्रायव्हरच्या खांद्याकडे. जणू गाडीच्या मागे उभं राहून कुणी चालवणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायला वाकलं आहे. बोटांची टोकं झाकणाच्या कडेच्या क्रोमच्या पट्टीखाली गेली होती. अंगठा होता, दोन बोटं होती, करंगळी होती. करंगळीशेजारचं बोट नव्हतं.

"आबांचं तेच बोट कडबाकुट्टीत गेलं होतं," बाळासाहेब म्हणाले. "आमी वाद घातलेला त्यांच्याशी, गाडी इकायची म्हनून. ते न्हाई म्हनत गेले. आता ताई, गाडी चालवायला बसलं की हितं," त्यांनी स्वतःचा खांदा धरला, "हितं जड हुतंय."

त्यांचं म्हणणं साधं होतं. एका हॉटेलवाल्याला गाडी विकायची ठरली आहे, तो दिवाळीला न्यायला येणार आहे. तोवर सगळा रंग अगदी बॉडीपर्यंत घासून काढा, नवा द्या, आणि तो हात जाऊ द्या.

अण्णांच्या तोंडाला पाणी सुटलं. असं काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. मला मात्र ते काम नको होतं, आणि कारण भूत नव्हतं.

रंगकाम करणाऱ्या माणसाला न रंगवलेल्या जुन्या गाडीचं वेड का लागावं, हे मला नीट सांगता आलं पाहिजे. आम्ही गाडी नवी करून देतो तेव्हा तिच्यावर फक्त आमचे हात उरतात. आधीचे सगळे आम्ही पुसतो, तेच आमचं काम. ही गाडी कुणीच पुसली नव्हती. दाराच्या कडेवर जिथे कुणीतरी वर्षानुवर्षं कोपर टेकवलं तिथे रंग कागदासारखा पातळ झाला होता. डिकीच्या आत रंगाचा एक ओघळ होता. फवारणाऱ्याचं लक्ष क्षणभर दुसरीकडे गेलं होतं. सीटच्या खाली खडूने काढलेली एक खूण होती, अजून खडूच. आमच्याकडे गाडीच्या कागदावर मालकाचं नाव असतं, कंपनीचं असतं. तिच्या लायनीवर कोण कोण उभं होतं ते कागदावर नसतं. ते या गाडीवर होतं. हे सगळं आम्ही एका आठवड्यात सँडपेपरने उडवणार होतो.

मी अण्णांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, पुढारीणबाई, ही गाडी आहे, हुतात्मा स्मारक नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. आमच्या खाटेखाली त्याविरुद्धचीही पत्रकं होती. पण जे झालं ते सांगते. भर दुपारी डॅशबोर्ड बघायला मी त्या गाडीत बसले, तेव्हा पाठ पूर्ण टेकवू शकले नाही. अण्णांनी बॅटरी जोडली. दिवे लागले नाहीत, हॉर्न वाजला नाही. फक्त डॅशवरचं घड्याळ टिकटिकू लागलं. अण्णांनी बॅटरी काढली आणि हात धुऊन आले, जरी त्यांच्या हाताला काही लागलेलं नव्हतं.

मग कडक ऊन पडलं आणि हात नाहीसा झाला. बाळासाहेब बघायला आले तेव्हा झाकण सपाट होतं. ते हसले, मला वाटतं कितीतरी दिवसांनी हसले असतील. हात गेला असेल तर घासायचं कारणही गेलं, हे मला दिसत होतं. गप्प राहिले असते तर गाडी कदाचित वाचली असती. पण खोटं बोलून वाचवलेली गाडी मला नको होती. मी त्या जागेवर ओलं गोणपाट टाकलं आणि त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर गोणपाट उचललं. हात आला होता, आधीपेक्षा ठळक. तळव्यावरच्या रेषासुद्धा दिसत होत्या.

"हे मीठ आहे," मी म्हणाले. "रंगाच्या खाली आहे, वर नाही. आबा रोज पुसून गाडी कोरडी ठेवायचे, ते गेले आणि तिने ओल धरली. रंग कारखान्यात दिलाय. म्हणजे हा हात कारखान्यातलाच कुणाचा तरी आहे. बोट गेलेलं नसेल, मधून उचललेलं असेल आणि टोक पट्टीखाली झाकलं असेल."

"मग काढा पट्टी," बाळासाहेब म्हणाले. "बोट निघालं तर मी मानंन."

मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की हात आबांचा नाही हे पटलं तर गाडी घासायची नाही. नाही पटलं तर मी स्वतः सँडपेपर धरणार. बोलून गेले, आणि मग रात्रभर त्या चौथ्या बोटाचाच विचार करत राहिले.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी बाळासाहेब आले ते आईला घेऊन. आईनेच हट्ट धरला होता, घासायच्या आधी एकदा बघायचंय. बाळासाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले की आबा गेल्यापासून ती रोज त्या हाताजवळ गोठ्यात बसायची, जरा सांभाळून बोला. काकी, म्हणजे त्यांच्या आई, लहानखुऱ्या होत्या. त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि झाकणासमोर बसल्या.

अण्णांच्या गॅरेजात एक नियम देवापेक्षा मोठा आहे: पुसून तयार केलेल्या भागाला कुणीही हात लावायचा नाही. मालकाने नाही, आमदाराने नाही. झाकण आम्ही सकाळीच पुसलं होतं. अण्णांनी चष्मा चढवला आणि पट्टीचे स्क्रू सोडवायला घेतले. पहिल्याच स्क्रूला त्यांनी मला बोलावून खाच दाखवली. बसवल्यानंतर तिला पुन्हा कधी स्क्रू-ड्रायव्हर लागलेला नव्हता. कारखान्याबाहेर ही पट्टी कुणी काढलीच नव्हती.

पट्टी उचलली. खालचा रंग उन्हापासून वाचलेला, पांढराशुभ्र, काल दिल्यासारखा. त्या पांढऱ्यावर तळव्याचाच पुढचा भाग होता. बारीक फोडांची मधल्या दोन बोटांची टोकं. करंगळीचं टोक. मध्ये काही नाही. चौथं बोट मुळात नव्हतंच.

रुळांवरून गाडी गेली, डबे वाजले, थांबले.

"न्हाईच," बाळासाहेब हळू म्हणाले. "सांगत हुतो मी. आबाच हायत."

"पट्टी आबांच्या कितीतरी आधीची आहे," मी म्हणाले. "हात पट्टीच्याही आधीचा."

"मग बोट कुठं गेलं त्याचं?"

आमच्याकडच्या पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपांमध्ये अशी बोटं गेलेली माणसं मी रोज बघते. बसमध्ये दांडीला धरलेल्या हातांत दिसतात. तिकडे अमेरिकेतही असतील, असणारच. पण त्या क्षणी मी वाकून त्या पांढऱ्या रंगावरच्या रिकाम्या जागेवर दिवा धरला.

"बाळ्या," काकी स्टुलावरूनच म्हणाल्या, "आबांचं बोट कुठल्या हाताचं गेलं हुतं?"

बाळासाहेबांनी स्वतःचे दोन्ही हात वर धरले. एकाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. "उजव्या," ते म्हणाले, पण विचारल्यासारखं.

"डाव्या. भाकरी उजव्यानं मोडायचे ते, चांगली चार बोटं हुती. तुझ्या पाठीवर बसायची तवा मोजली न्हाईस व्हय?" त्या उठल्या. "ह्यो उजवा हाय."

बाळासाहेबांचे हात तसेच वर होते. सुटका झालेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. "तुला ठावं हुतं?" त्यांनी विचारलं. "आन बोलली न्हाईस?"

"तू इचारलंस कवा? भ्यालास आन इकायला काढलीस."

मी विचारलं, काकी, मग तुम्ही याच्याजवळ रोज का बसत होतात?

"कुनाचा तरी हाय की," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांबनं आलाय. आन आजवर एकानं इचारलं न्हाई, बाबा तू कुनाचा म्हनून."

मग त्यांनी आपला तळवा झाकणावर टेकवला, त्या हाताच्या शेजारी, त्याला न लावता. पुसलेल्या झाकणावर. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा दुसरीकडे बघत होते.

बाळासाहेबांनी तिथूनच हॉटेलवाल्याला फोन लावला आणि गाडी देणार नाही म्हणून सांगितलं. अण्णांनी तेच स्क्रू त्याच भोकांत बसवले. दुसऱ्या दिवशी फवाऱ्याच्या गनला झेंडूचं फूल वाहताना ते पुटपुटले की या कामात जन्म गेला, पण असलं गिऱ्हाईक पहिलंच. दुपारच्या उन्हात गाडी ट्रकवर चढली तेव्हा हात बसून गेला होता. झाकण कोरं दिसत होतं. बाळासाहेबांनी जाता जाता त्या जागेवरून एकदा हात फिरवला आणि मग डावा हात खिशात घातला.

त्यानंतर मी दमट दिवसांत चाकणच्या रस्त्याने जाते तेव्हा नव्या गाड्या लादून निघालेल्या ट्रेलरकडे बघायचं टाळते. एकेका ट्रेलरवर किती गाड्या, आणि किती जणांचे ब्रेक. सगळे हात आत शांत पडून आहेत. कुठल्या गावात, कुणाच्या दारात, कुठल्या श्रावणात ते उठतील, कुणाला सांगता येणार नाही. काय झालं ते सांगून झालं. काय हवं तेही सांगायला हवं, नाहीतर बाबा हे पत्रक परत करतील: आधी बोटं शाबूत हवीत, मग नोकरी कायम हवी, म्हणजे असे हात ठेवून जावं लागणार नाही.

गेल्या श्रावणात एक तरुण त्याची पांढरी छोटी गाडी घेऊन आला. आयटीत काम करणारा, नम्र. दाराच्या खालच्या अंगाला पुरळ आल्यासारखं झालंय, म्हणाला, दर पावसाळ्यात येतं आणि जातं. मी खाली बसले आणि दिवा तिरपा धरला. तिरप्या उजेडात फोडांच्या सावल्या पडल्या. तळवा, चार बोटं, अंगठा. करंगळी आत वळलेली.

"काय आहे?" त्याने विचारलं.

"हात आहे."

तो हसला. मग वाकून बघितलं आणि हसायचा थांबला. घासून काढता येईल का, त्याने विचारलं. येईल, अर्ध्या दिवसाचं काम आहे, असं मी खरं तेच सांगितलं. तो उठला नाही. त्याने आपलं बोट त्या करंगळीपर्यंत नेलं, पण टेकवलं नाही.

"कुणाचा?" तो म्हणाला.

वळलेली करंगळी जगात एकाच बाईला असते असं नाही, हे मला माहीत आहे.

"रुक्मिणीचा," मी म्हणाले.